ठाण्यातील जुन्या चर्चमधील रविवारची मराठी उपासना

घोडबंदर रस्त्यावर नव्याने राहायला आलेली ख्रिस्ती कुटुंबे ‘मराठी उपासनेला कुठे जावे’ असे वरचेवर विचारतात, म्हणून ठाणे शहरातील ज्या जुन्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चची मी सभासद आहे, तेथील उपासनेविषयी लिहीत आहे.

येथे सारे ठरलेल्या विधीने चालते. पापांगीकार, शास्त्रपाठ, विश्वासांगीकार, उपदेश, मध्यस्थीच्या प्रार्थना आणि, ज्या रविवारी असेल तेव्हा, प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा विधी) हा क्रम पाळक (धर्मगुरू) बदलले तरी बदलत नाही. भाड्याच्या सभागृहांत भरणाऱ्या काही नव्या सभांमधला जोश येथे मिळणार नाही. मात्र तेथे सगळे एकाच वक्त्याभोवती फिरत असले, तर त्याचे सहकाऱ्यांशी बिनसताच सभेचे दोन तुकडे होतात आणि कुटुंबे वाऱ्यावर पडतात, हे मी नात्यात पाहिले आहे. गायन ही या उपासनेची खरी श्रीमंती होय. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगाच्या वळणाने गायला शिकवले, आणि त्यांची भजने पेटी-तबल्यावर सुरू झाली की पुस्तक न उघडताही वडीलधारी मंडळी गाऊ लागतात.

उणिवाही आहेत. दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेली मुले पुढे नाताळापुरतीच दिसतात, आणि त्यांच्या आईवडिलांनाही त्याचे फारसे वाटत नाही, याचे मला अधिक दुःख होते. पाळक समितीची निवडणूक आली की गट पडतात, रुसवे होतात, काही जण येणेच सोडतात.

तरीही मी येथेच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या (चर्च-संघटना) एकत्र येऊन सीएनआय स्थापन झाली, तेव्हा बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि केवळ विश्वास कबूल करणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणारे, अशा दोघांनी एकमेकांची रीत एकाच मंडळीत मान्य केली. श्रद्धेच्या एवढ्या गंभीर प्रश्नावर ज्यांनी फूट पडू दिली नाही, त्यांच्या मंडळीतून समितीतल्या जागेसाठी निघून जाणे मला मुळीच पटत नाही.

नव्याने येणाऱ्यांनी प्रभुभोजनाच्या रविवारी थोडे लवकर यावे, उपासनेनंतर पाळकांना भेटावे आणि आधीच्या मंडळीचे सभासदत्वाचे पत्र सोबत आणावे. मुलांना संडे स्कूलमध्ये पहिल्याच आठवड्यापासून बसवावे. तेथे शिकवायला माणसे कमी आहेत, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी तेही काम अंगावर घ्यावे.