वॉकीटॉकी की वाय-फायवरचे फोन? साखर कारखान्यात पूर्ण गळीत हंगाम वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ वाचेल. मिल, बॉयलर, पॉवर हाऊस, गव्हाण (ऊस मिलकडे टाकायची जागा) आणि ऊस यार्ड यांना वॉकीटॉकीच द्या. काटा (उसाचा वजनकाटा), लॅब, स्टोअर, शेती खाते आणि अकाउंट्स यांना वाय-फायवरचे फोन पुरतात, किंबहुना तेच बरे पडतात. सगळ्या कारखान्याला एकच यंत्रणा बसवायचा हट्ट धरला तर पैसे जातात आणि दोन महिन्यांत लोक पुन्हा हाका मारायला लागतात.

काय वापरलं ते असं. रेडिओच्या बाजूला ४ व्हॉटचे यूएचएफ डीएमआर (डिजिटल रेडिओ) हँडसेट आणि २५ व्हॉटचा एक रिपीटर, म्हणजे हँडसेटचा सिग्नल उचलून जास्त ताकदीने पुन्हा पाठवणारं यंत्र. वाय-फायच्या बाजूला आत-बाहेर बसवलेले ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणाऱ्या पेट्या), साधे अँड्रॉइड फोन आणि त्यात बटण दाबून बोलायचं ॲप. तिन्ही पाळ्यांत दोन्ही शेजारी शेजारी चालू होतं.

पहिला प्रश्न रेंजचा नाही, विजेचा आहे. टर्बाइन ट्रिप झालं की कारखाना अंधारात जातो आणि नेमकं त्याच क्षणी बॉयलर, मिल आणि पॉवर हाऊस यांना एकमेकांशी बोलायचं असतं. फीड बंद केलं का, ऊस नेणारा कॅरिअर थांबला का, डीजी (डिझेल जनरेटर) घेतला का. वाय-फायची साखळी अशा वेळी लांब पडते: फोन, ॲक्सेस पॉइंट, पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा), फायबर, मधला स्विच, सर्व्हर. यातली एक कडी यूपीएसवर नसली तरी सगळं गप्प. वीज परत आल्यावरही स्विच उठायला दोन-चार मिनिटं घेतो, त्यानंतर ॲक्सेस पॉइंट तेवढाच वेळ घेतो. हँडसेट ते हँडसेट रेडिओला मधलं काहीच लागत नाही. रिपीटर पडला तर सगळ्यांनी ठरलेल्या थेट चॅनेलवर यायचं, एवढा एकच नियम. तो चॅनेल नॉबच्या शेवटच्या खाचेवर ठेवा, म्हणजे अंधारात नॉब शेवटपर्यंत फिरवला की माणूस बरोबर तिथे पोचतो.

रिपीटर १२ व्होल्ट, १०० एएचच्या बॅटरीवर ठेवला तर रात्र सहज निघते. वाय-फायसाठी हेच करायचं तर प्रत्येक पीओई स्विचजवळ यूपीएस लागतो, आणि मिलच्या गरम पॅनेल रूममध्ये त्या यूपीएसची बॅटरी वर्ष-दोन वर्षांत मान टाकते. खरेदीच्या कोटेशनमध्ये हा खर्च कुणी दाखवत नाही.

आता वाय-फायचं दुखणं सविस्तर, कारण चुका इथेच जास्त होतात.

डेटा चालतो म्हणजे आवाज चालेलच असं नाही. व्हॉट्सॲप उणे ७५ डीबीएमवरही (सिग्नलच्या ताकदीचं माप; शून्याकडे जाईल तितका सिग्नल चांगला) रडतखडत चालतं. बोलण्यासाठी मात्र जिथे माणूस उभा राहतो तिथे उणे ६७ किंवा त्याहून चांगला सिग्नल हवा. बसवणारे लोक ॲक्सेस पॉइंटची पॉवर पूर्ण चढवून जातात. मग फोनवर सगळ्या काड्या दिसतात, समोरच्याचा आवाज येतो, पण आपला जात नाही. फोनचा ट्रान्समीटर ॲक्सेस पॉइंटपेक्षा दुबळा असतो, म्हणून ॲक्सेस पॉइंटची पॉवर १४-१५ डीबीएमवर आणून त्यांची संख्या वाढवावी लागते. २.४ गिगाहर्ट्झवरचे १ आणि २ एमबीपीएसचे जुने वेग बंद करा, नाहीतर यार्डातून चालत काट्यावर आलेला फोन मागच्याच ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतो. ८०२.११आर, म्हणजे एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर पटकन जायची सोय, चालू ठेवा. ते नसेल आणि प्रत्येकाला वेगळं लॉगिन असलेली सुरक्षा लावली असेल, तर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना वाक्यातला शब्दच गळतो. ‘थांबवू नको’ मधला ‘नको’ गळाला तर काय होईल, हे सांगायला नको.

आवाजासाठी ५ गिगाहर्ट्झ वापरा, चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१. मधले ५२ ते १४४ टाळा. तिथे रडारचा भास झाला तरी ॲक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावा लागतो, आणि त्याच पट्ट्यातला दुसरा चॅनेल घेण्याआधी किमान ६० सेकंद ऐकत बसावं लागतं. बाहेरून पाहणाऱ्याला मधूनच वाय-फाय गेलं एवढंच दिसतं आणि बिचाऱ्या स्विचला शिव्या पडतात.

साखर गोदामाचा वाय-फाय सर्व्हे सप्टेंबरमध्ये करून घेऊ नका, किंवा केला तर त्याच्यावर विसंबू नका. रिकाम्या गोदामात दारावरच्या एका ॲक्सेस पॉइंटवर शेवटच्या भिंतीपर्यंत काम भागतं. फेब्रुवारीत ५० किलोच्या पोत्यांच्या थप्प्या छताकडे चढल्या की दोन थप्प्यांमधली बोळ पूर्ण मुकी होते. ॲक्सेस पॉइंट भिंतीवर नको, बोळीच्या रेषेत वरच्या ट्रसवर हवा. यार्डात अडचण वेगळी: नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे फायबर, खांब, पेटी, तिथे वीज. ॲक्सेस पॉइंटची किंमत यापुढे किरकोळ वाटते. पॅन फ्लोअरवर (साखर शिजवायच्या मजल्यावर) आणि बॉयलरजवळ घरात वापरायचे ॲक्सेस पॉइंट लावू नयेत. वाफ, उष्णता आणि बगॅसची (उसाच्या चिपाडाची) धूळ यात आधी जातो तो केबलचा जोड.

ॲपचा सर्व्हर कारखान्याच्या आत ठेवा. क्लाउडवर असेल तर इंटरनेटची लाइन तुटल्यावर दहा पावलांवरच्या माणसाशीही बोलता येत नाही. प्रत्येक फोनमध्ये त्या ॲपसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. अँड्रॉइड अपडेट झाल्यावर ते पुन्हा तपासा. फोन खिशात निजला आणि हाक पोचलीच नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. शिवाय हातमोजा, ग्रीस किंवा रसाने चिकट झालेलं बोट टचस्क्रीनला चालत नाही. बाजूला खरं बटण असलेला मजबूत फोन घेतला तर हा त्रास कमी होतो, पण मिलच्या आवाजापुढे फोनचा स्पीकर हरतोच.

रेडिओचं काम सोपं आहे, फक्त बसवणाऱ्यावर लक्ष हवं. ॲन्टेना शुगर हाऊसच्या छतावर किंवा पाण्याच्या टाकीवर लावा. चिमणीवर नको, तिथली उष्णता आणि धूर एकीकडे, आणि दुरुस्तीला चढणार कोण? केबल बघून घ्या. ३० मीटर आरजी-५८ केबलमध्ये ४५० मेगाहर्ट्झला साधारण ११ डीबी जातात, म्हणजे २५ व्हॉटमधले दोनच व्हॉट ॲन्टेनापर्यंत पोचतात. त्याच लांबीची एलएमआर-४०० टाकली तर तेरा-साडेतेरा व्हॉट पोचतात. वरच्या जोडाला स्वतःत वितळून चिकटणारी रबर टेप आणि तिच्यावर साधी टेप गुंडाळा. पावसाचं पाणी केबलमध्ये शिरलं की पुढच्या हंगामात रेंज अर्धी होते आणि दोष हँडसेटवर येतो.

डीएमआरचा खरा फायदा असा की एकाच रिपीटरवर दोन संभाषणं एकाच वेळी चालतात. एका स्लॉटवर, म्हणजे वेळेच्या एका वाट्यावर, यार्ड-काटा-गव्हाण, दुसऱ्यावर मिल-बॉयलर-पॉवर हाऊस. नव्या माणसाला एकच गोष्ट घोटून शिकवावी लागते: बटण दाबा, बीप ऐका, मग बोला. बीपच्या आधीचा शब्द हवेत जातच नाही. ‘गव्हाण, काटा बोलतोय’ अशी आधी ज्याला हाक मारायची त्याचं ठिकाण, मग आपलं. माणसांची नावं नकोत, पाळी बदलली की गोंधळ होतो. यार्डातल्या रांगेत भांडण लागलं की चॅनेलवर कायकाय ऐकू येतं ते इथे छापण्यासारखं नाही.

बिघाडात पहिला नंबर दबून राहिलेल्या बटणाचा. हँडसेट खुर्चीच्या फटीत किंवा क्लिपचा माइक पट्ट्याखाली दबला की तो स्लॉट अडतो. टाइम-आउट ६० सेकंदांवर ठेवा. दुसरा नंबर चार्जिंगच्या पट्ट्यांचा: साखरेच्या धुळीचा चिकट थर बसतो, दिवा हिरवा दिसतो आणि बॅटरी अर्धीच भरते. आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. बटण न दाबता आवाजानेच प्रसारण चालू व्हायची सोय, म्हणजे व्हॉक्स, मिलमध्ये बंदच ठेवा. हँडसेट माणसागणिक न देता जागेगणिक द्या, प्रत्येकी दोन बॅटऱ्या. तीन पाळ्यांच्या वापरात एका बॅटरीचं दिवसाला एक-सव्वा चक्र होतं, त्यामुळे तिसऱ्या हंगामात नव्या बॅटऱ्यांची तरतूद धरूनच चाला. बॅटरीवर रंगाने खरेदीचं वर्ष टाका.

आणि कुठलाही हँडसेट इंटरलॉकची (धोक्याच्या वेळी यंत्र आपोआप थांबवणाऱ्या व्यवस्थेची) किंवा आणीबाणीच्या बटणाची जागा घेत नाही. ‘कॅरिअर बंद कर’ हे ओरडून सांगायच्या आधी बंद करता आलं पाहिजे.

डिस्टिलरी आणि इथेनॉलच्या टाक्यांजवळ हा सगळा सल्ला बाजूला ठेवा. तिथे साधा फोनही नको आणि साधा रेडिओही नको. पेसोची (स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मान्यता असलेलं, स्फोट घडवेल अशी ठिणगी पडू न देणारं उपकरणच, आणि त्याला त्याच मान्यतेची बॅटरी. स्वस्तातली दुसरी बॅटरी लावली की मान्यता संपली.

परवान्याचं थोडक्यात. ४ व्हॉटच्या हँडसेटना आणि रिपीटरला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून वारंवारता आणि परवाना लागतो, अर्ज सरल संचार पोर्टलवर. हंगामाच्या तोंडावर अर्ज करू नका. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी पॉवरचे हँडसेट परवान्याशिवाय चालतात, पण त्यांनाही उपकरणाची मान्यता हवी. गेट आणि पार्किंग एवढ्यापुरते ते ठीक. ऑनलाइन मिळणारा ५ व्हॉटचा स्वस्त सेट ‘लायसन्स फ्री’ लिहिलंय म्हणून तसा होत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीविरुद्ध मार्गदर्शक सूचनाच काढल्या.

वाय-फायचे फोन जिथे जिंकले तिथे निर्विवाद जिंकले. तुटलेल्या बेअरिंगचा फोटो स्टोअरला पाठवणं, लॅबचे ब्रिक्स-पोलचे (रसातले विरघळलेले घन पदार्थ आणि साखर) आकडे लिहून जाणं, काट्यावरच्या वजनाचा वाद अकाउंट्सशी चारचौघांत न बोलता मिटवणं. शेती खात्याचा माणूस शिवारात असला तरी मोबाइल डेटावर त्याच गटात राहतो. आज किती गाड्या भरल्या हे वेळेत कळलं तर ‘नो केन’ (ऊस नसल्याने मिल थांबणं) टाळता येतो. रेडिओला हे जमत नाही.

दोन्ही जोडणारा गेटवे मिळतो. तो घ्या, पण फक्त शिफ्ट इनचार्ज आणि शेती अधिकारी यांच्यापुरता उघडा. आवाज पलीकडे पोचायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो आणि तेवढ्यात दोन माणसं एकमेकांवर बोलतात.

हंगाम संपल्यावर बॅटऱ्या सेटमधून काढा, निम्म्या चार्जवर ठेवा, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या नकोत. कोरड्या कपाटात ठेवून दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासा. रिपीटरची मोठी बॅटरी मात्र चार्जरवरच राहू द्या, आणि ॲन्टेनाचा जोड मे महिन्यातच उघडून पाहा, पहिल्या पावसानंतर नाही.