ओपिनेल नंबर ८: आबाजींच्या चाकूच्या जागी चालेल का?

आधीच सांगतो, हा ट्रेकिंगवाल्यांसाठीचा रिव्ह्यू नाही. लोक ट्रेकला फूटभर चाकू घेऊन जातात आणि शेवटी त्याने मॅगीचं पाकीट फोडतात, त्यांचं त्यांना लखलाभ. मला हवा होता खिशातला चाकू, घडीचा, एका पात्याचा, रोजच्या वापरातला, म्हणजे आमच्या आबाजींच्या बंडीत कायम असायचा त्या जातीचा. असा चाकू आता बाजारात शोधायला गेलं की दुकानदार एक तर काळा दातेरी भयंकर प्रकार पुढे करतो नाहीतर प्लॅस्टिकच्या मुठीची फळं कापायची सुरी, मधलं काही नाहीच. शेवटी फ्रान्सचा ओपिनेल घेतला, नंबर ८, कार्बन पातं, बीच नावाच्या युरोपातल्या झाडाच्या लाकडाची मूठ. आता बऱ्यापैकी वापरून झालाय, त्यामुळे बोलायला हरकत नाही.

पण आबाजींचा चाकू काय काय करायचा ते सांगितल्याशिवाय ह्याला मार्क कसे देणार. आमचं गाव वरुड तालुक्यात, संत्र्याचा पट्टा, शेंदुरजना घाटच्या नर्सऱ्या जवळच. तिकडे संत्र्याची कलमं डोळा (काडीवरचा न फुटलेला कोंब) बांधून करतात. जंबेरीचा नाहीतर रंगपूर लाईमचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम वाढणार ते रोप, घ्यायचा, त्याच्या सालीवर इंग्रजी टीच्या आकाराचा छेद द्यायचा, साल अलगद उचलायची, चांगल्या झाडाच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा सालीसकट काढून आत सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. चाकूचं काम म्हटलं तर दोन सेकंदांचं, पण पातं जाड असलं किंवा धार गेलेली असली की साल चेंगरते, डोळा सुकतो, कलम गेलं. त्यामुळे आबाजी चाकू कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, आणि रोज निसण्यावर पाजवून पाजवून त्याचं पातं निम्म्यावर आलेलं होतं. बरं हा चाकू फक्त कलमांचा होता असंही नाही, दुपारी भाकरीसोबतचा कांदा त्यानेच, पोत्याची शिवण त्यानेच, पायात मोडलेला बाभळीचा काटा त्यानेच, संध्याकाळी नातवंडांच्या पेन्सिली त्यानेच. मधेमधे धोतराला पुसला की झाला साफ, हायजीन वगैरे विषय नव्हता.

तर ओपिनेल मला पटला तो ह्या कारणाने, की तो अशाच माणसांसाठी बनला. फ्रान्सच्या आग्नेयेला आल्प्समध्ये सावोआ म्हणून भाग आहे, तिथे सें-जाँ-द-मोरिएन गावाजवळच्या एका वाडीत ओपिनेल घराणं कुऱ्हाडी, कोयते, छाटणीची हत्यारं करायचं, आणि १८९० मध्ये त्या घरातल्या जोसेफ ओपिनेलने, वय अठराच्या आसपास, हा घडीचा चाकू काढला. गिऱ्हाईक कोण तर शेतकरी, गुराखी, द्राक्षमळेवाले. १८९७ पर्यंत लहान ते मोठ्या आकाराचे १ ते १२ असे नंबर झाले, पुढे १ आणि ११ बंद केले, म्हणून आज दुकानात १० नंतर एकदम १२ दिसतो. पात्यावर मुकुट आणि आशीर्वाद देणाऱ्या हाताचा शिक्का असतो, मुकुट सावोआच्या सरदारकीचा आणि हात त्या गावच्या मानचिन्हातला. तिकडे आजोबांचा चाकू म्हटलं की बहुतेक घरांत हाच निघतो, जेवायला बसले की खिशातून काढायचा, ब्रेड आणि चीज कापायचं, पुसून परत खिशात. आमच्या आबाजींना चीज सोडून बाकी सगळं ओळखीचं वाटलं असतं.

आता मुद्द्याचं, पातं. साडेआठ सेंटिमीटरचं, आणि पातळ. घडीच्या चाकूत पातळ पातं किती दुर्मिळ झालंय हे हातात घेतल्यावर कळतं, कारण आजकाल सगळ्यांना दणकट पाहिजे, दणकट म्हणजे जाड, आणि जाड पात्याने सफरचंद कापायला गेलं की ते कापलं जात नाही, फुटतं. ओपिनेल टोमॅटोत वजन न देता उतरतो. पेरूची फोड एवढी पातळ निघते की वर्तमानपत्र वाचता यावं (थोडं जास्त झालं, पण जवळपास). डोळा बांधायला चालेल का, तर हो, पण तिथे कलमाचा खास चाकू जास्त चांगला, त्याला साल उचलायला मागे चपटी जिभली असते, ती ह्याला नाही. पेन्सिल मात्र अशी तासली जाते की शार्पनर फेकून द्यावासा वाटतो.

कार्बन घ्यायचा की स्टेनलेस हा प्रश्न सगळे विचारतात. कार्बन पात्यात साधारण ०.९ टक्के कार्बन असतो, धार पटकन चढते, साध्या निसण्यावर चार हात मारले की झालं, पण गंजतो. ओला ठेवला तर रात्रीत लाल ठिपके येणार, हा चाकूचा दोष नाही, लोखंडाचा धर्म आहे. आणि कैरी, लिंबू, संत्रं कापलं की पातं काळं-निळं पडतं, अगदी घरच्या लोखंडी विळीचं पडतं तसंच. ते घासून पांढरं करायच्या मागे लागू नका, तो काळा थर खरं तर पुढच्या गंजापासून थोडा बचावच करतो. पहिली एकदोनदा फळाला लोखंडाची चव लागते, थर बसला की कमी होते. ज्यांच्या घरी विळी फक्त माळ्यावर उरलीय आणि हे सगळं ऐकूनच कंटाळा आला त्यांनी सरळ स्टेनलेस घ्यावा, तोही चांगला आहे, फक्त धार चढवायला जरा जास्त वेळ घेतो. मला स्वतःला कार्बनच आवडतो. वापरला की त्याच्यावर वापर दिसतो.

मुठीबद्दल. बीचचं लाकूड पाणी पितं आणि फुगतं, मग पातं खाचेत घट्ट बसतं आणि नखाने निघता निघत नाही. हे फ्रान्समध्येही होतं, आपल्याकडच्या जुलैत तर होणारच. त्यावर सावोआच्या लोकांची जुनी युक्ती आहे, मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर टक्कन आपटायचं, झटक्याने पातं थोडं बाहेर येतं, मग पकडून उघडायचं. चारचौघांत केलं की लोक बघत राहतात. कायमचा उपाय हवा असेल तर मूठ जवसाच्या तेलाने चोळून चांगली मुरू द्यायची आणि पूर्ण वाळवायची, जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं त्यामुळे लाकडात पाणी कमी शिरतं. पण तेच तेल पात्याच्या सांध्यात गेलं तर तिथेही सुकून चिकट होणार, म्हणून सांध्याला जवस नाही. सांध्याला काय, तर बरेच जण खोबरेल सुचवतात कारण ते खाण्यातलं आहे आणि घरात असतंच. उन्हाळ्यात ठीक आहे. नागपूर-अमरावतीच्या डिसेंबरात खोबरेल थिजतं हे काय मी सांगायला नको, बाटली उन्हात ठेवल्याशिवाय अंघोळ होत नाही, आणि सांध्यात थिजलं की पातं पुन्हा अडकलं. शिलाई मशीनचं तेल एक थेंब, बाहेर आलेलं पुसून टाकायचं, विषय संपला.

लॉक हा मला सगळ्यात आवडलेला भाग. जुन्या ओपिनेलला लॉक नव्हतंच, आबाजींच्या चाकूलाही नव्हतं, आणि त्या पिढीच्या बऱ्याच लोकांच्या तर्जनीवर आडवी पांढरी खूण असायची ती उगाच नाही. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने मुठीच्या तोंडाशी एक फिरणारी स्टीलची कडी बसवली, पातं उघडलं की कडी फिरवायची, मग पातं बोटावर मिटत नाही. पुढे ती मिटलेल्या अवस्थेतही लॉक होईल अशी केली, म्हणजे खिशात आपोआप उघडायची भीती नाही. अख्ख्या चाकूत भाग मोजून पाच, मूठ, पातं, खिळा, आतली पट्टी आणि ही कडी. स्प्रिंग नाही, बटण नाही, बिघडायला काही नाही. एक सवय मात्र लावून घ्यावी लागते, कडी फिरवायची विसरायची नाही, कारण ती स्वतःहून फिरत नाही.

आता लोक म्हणतील स्विस नाइफ का नाही. बाबांच्या बॅगेत तोच होता, लाल, गल्फमधून कुणीतरी आणून दिलेला. एक पातं मोठं, एक छोटं, डबा फोडायचं, बाटली उघडायचं, टोच्या, चिमटा, टूथपिक आणि तो कॉर्कस्क्रू, जो आमच्या शुद्ध शाकाहारी आणि निर्व्यसनी घरात आयुष्यभर फक्त सुतळीच्या गाठी सोडवायला वापरला गेला (आणि त्या कामाला तो अप्रतिम आहे, खरंच करून बघा). पण तो चाकू जन्मला सैन्यासाठी. शिपायाला रायफल खोलायला स्क्रूड्रायव्हर आणि डब्यातलं अन्न काढायला ओपनर हवा होता, कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८९१ मध्ये स्विस सैन्याला असे चाकू पुरवायला सुरुवात केली, आणि १८९७ मध्ये त्याच्या ऑफिसर चाकूची नोंद झाली. त्याच्या कंपनीचं व्हिक्टोरिनॉक्स हे नाव नंतरचं, आई व्हिक्टोरिया १९०९ मध्ये गेली तेव्हा तिचं नाव दिलं आणि १९२१ मध्ये स्टेनलेस आल्यावर त्याला इनॉक्स जोडलं. बाबा सरकारी ऑफिसात होते, फायलींच्या दोऱ्या, पंख्याच्या रेग्युलेटरचा स्क्रू, चष्म्याची दांडी ह्या सगळ्याला तो चाकू बरोबर होता. पण दोन किलो पेरू सोलायचे असतील तर त्याची मूठ हातात बोचते आणि खाचांमध्ये रस जाऊन बसतो. ऑफिस असेल तर स्विस, खाणंपिणं आणि शेत असेल तर ओपिनेल, एवढं सोपं आहे ते.

आणि ह्या सगळ्यात आयांचा चाकू कुणी मोजतच नाही. घरात विळी असली तरी प्रवासाला निघाली की आईच्या पिशवीत नॅपकिनमध्ये गुंडाळलेला एक छोटा चाकू असायचाच, काकडी, मिठाची पुडी आणि तो चाकू, महाराष्ट्र एक्सप्रेस भुसावळ सोडेपर्यंत अर्ध्या डब्याला काकडीच्या फोडी पोचलेल्या असायच्या. आमच्या घरातला सगळ्यात जास्त लोकांना खाऊ घातलेला चाकू बहुतेक तोच. अशा वापराला नंबर ६ घ्यावा, सात सेंटिमीटरचं पातं, आणि स्टेनलेसच, कारण गाडीत धुवायची-पुसायची सोय कुठे असते.

थोडं कायद्याबद्दल, कारण चाकू खिशात ठेवायचा म्हटलं की लोक घाबरतात. हिंदी पिक्चरने रामपुरीची अशी हवा करून ठेवलीय की साधा चाकू काढला तरी शेजारचा दोन पावलं मागे सरकतो. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू मोडतात, त्यातूनही घरगुती आणि शेतीकामाचे वगळलेत, आणि हा तर साडेतीन इंचांच्या आत आहे. पण आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली अधूनमधून मनाई आदेश निघतात, सण, मोर्चे, निवडणुका असल्या की, आणि त्यात चाकूचं नाव असतं. तेव्हा शहरात उगाच खिशात घेऊन फिरू नका, गर्दीत तर नकोच, डब्याच्या पिशवीत ठेवा. विमानात केबिन बॅगेत नेता येत नाही, चेक-इनमध्ये टाका, एअरपोर्टवर जप्त झालेला चाकू परत मिळत नाही. बाकी हा दोन हातांनी, नखाने खाच धरून हळूच उघडायचा चाकू आहे, खटक्याचा नाही, त्यामुळे बघणाऱ्याला निदान दचकायला होत नाही.

किंमत. तिकडे तो दहा-पंधरा युरोत मिळणारा गरिबाचा चाकू आहे, इथे येईपर्यंत बराच फुगतो आणि वर लाकडी डबी, चामड्याची म्यान असलं काय काय लावून गिफ्ट सेट म्हणून विकतात. डबी घेऊ नका. नुसता चाकू घ्या, हातात आल्यावर कडी दोन्ही बाजूंना सहज फिरते का बघा, मिटल्यावर पातं खाचेच्या मधोमध बसतं का बघा, एका बाजूला टेकत असेल तर तेव्हाच बदलून मागा. पात्यावरचा मुकुट-हाताचा शिक्का स्वच्छ हवा. घरात सात-आठ वर्षांचं पोरगं असेल आणि त्याला शिकवायचंच असेल तर त्यांचाच गोल टोकाचा नंबर ७ मिळतो, मुलांसाठी केलेला, टोक बोचत नाही पण कापतो मात्र खराखुरा, सुरुवात केळ्यापासून करा आणि पहिले काही दिवस शेजारी बसा.