कॉलेज रोडवरील विद्यार्थी खाणावळ : सकाळचा डबा उत्तम, रात्रीची खिडकी नको

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतील या खाणावळीत प्रामुख्याने अकरावी-बारावीची, क्लासच्या निमित्ताने नाशिकला राहिलेली मुले जेवतात. माझी भाची त्यांपैकीच एक असल्याने येथे माझे जाणे-येणे असते. खाणावळ चवीवरून जोखली जाते. परंतु या वयाच्या मुलांच्या बाबतीत जेवणाच्या वेळाही तितक्याच काटेकोरपणे पाहायला हव्यात.

वयात येताना मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे झोप तास-दोन तास पुढे सरकते, आणि उशिरा झोपण्याचा हा कल विशीच्या आसपास कळसाला पोहोचून नंतर ओसरतो. म्हणजे पोर आळशी असतेच असे नाही. मात्र उशिरा झोपणाऱ्या किशोरांमध्ये न्याहारी टाळण्याचे आणि गोड पेये व फास्ट फूड खाण्यापिण्याचे प्रमाण अधिक आढळते. राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. ज्यांची झोप खरोखर पुढे सरकलेली असते, ती मोठी मुले मात्र सातच्या क्लासला धावतच असतात.

या खाणावळीने ही अडचण नेमकी ओळखली आहे. सकाळी साडेसहाला न्याहारीचा डबा बांधून तयार असतो : दोन लहान थालीपिठे, झाकणाच्या डबीत घट्ट दही आणि एक केळे. उठल्याउठल्या ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, ती मुले पहिल्या सुट्टीत तो उघडतात, आणि दह्याचे पाणी थालीपिठाला लागत नसल्याने तो तोवर चांगला राहतो. उशिरा उठणाऱ्यांसाठी अकरापर्यंत न्याहारी मिळते, हेही सोयीचे. पण दहानंतरचे पोहे कोरडे पडलेले असतात आणि पाण्याचा हबका मारून ते पुन्हा गरम केल्याचे जिभेला लगेच कळते. शुक्रवारची मिसळ, पापड-दही सोबत असले तरी, नाशिककराला मिळमिळीतच वाटेल.

माझा खरा आक्षेप रात्रीच्या खिडकीवर आहे. साडेनऊला जेवण आटोपल्यावर साडेबारापर्यंत तेथे मॅगी आणि कोल्ड कॉफी विकली जाते. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा अकराला प्यायलेल्या कॉफीचा अंमल पहाटेपर्यंत टिकणार आणि साडेसहाचा तोच डबा घेताना मूल पेंगत असणार. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तासांची झोप आवश्यक मानली जाते. हा हिशेब येथे कोठेच जुळत नाही. खिडकी बंद केली तर मुले टपरीवर जातील, असे मालकांचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. तरीही साडेदहानंतर कॉफीऐवजी हळदीचे दूध आणि मॅगीऐवजी मऊ मूगखिचडी ठेवायला काय हरकत आहे?

रविवारी न्याहारी बारापर्यंत चालते, त्यामुळे मुले दुपारपर्यंत लोळतात आणि सोमवारची सकाळ अधिकच जड जाते; तेथे दहाची मर्यादा असावी.

दोन्ही वेळचे जेवण व न्याहारी मिळून महिन्याला ३,८०० रुपये घेतात. आदल्या रात्री कळवल्यास खाडा धरला जातो, मात्र न्याहारीचा खाडा मिळत नाही. केवळ सकाळचा डबाही वेगळा लावता येतो, आणि मी पालकांना तोच सुचवेन.