शुगर असलेल्यांसाठी टिश्यू व्हॉल्व कसा आहे?

हृदयाची झडप म्हणजे व्हॉल्व बदलायच्या ऑपरेशनचं एस्टिमेट हातात आलं की सगळे आधी व्हॉल्वची किंमत बघतात. पेशंटला मधुमेह असेल तर प्रश्न आणखी बरेच आहेत.

टिश्यू व्हॉल्व चांगलाच. मेटलच्या व्हॉल्वसारखी जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि वरचेवर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती तपासणी) मागे लागत नाही. इतर कारण नसेल तर गोळी साधारण ३ ते ६ महिने, पुढे बहुधा अ‍ॅस्पिरिन. तो गाईच्या हृदयावरणाचा असतो किंवा डुकराच्या झडपेचा. ज्यांना यातलं काही चालत नसेल त्यांनी आधीच विचारावं. साधारण १० ते १५ वर्षं टिकतो. खरी उणीव म्हणजे पाकळ्यांवर कॅल्शियम साचून त्या कडक होतात, आणि मधुमेहात ही झीज लवकर होण्याची शक्यता जास्त. किडनीही अधू असेल तर आणखी.

म्हणून सर्जनला साइझ जरूर विचारा. पुढे व्हॉल्व झिजला तर त्याच्या आतच मांडीतून दुसरा बसवता येतो, पण १९ किंवा २१ नंबरच्या आत जागा तोकडी पडते. व्हॉल्वचं कार्ड जपा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या टूडी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) मीन ग्रेडियंटही, म्हणजे व्हॉल्वच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक, लिहून ठेवा. महाधमनीच्या व्हॉल्वमध्ये तो नंतर १० ने वाढून २० च्या वर गेला, तर झीज सुरू झाल्याचा संशय घ्यायचा. जुना आकडाच नसेल तर तुलना कशाशी करणार?

पण शुगरचा पहिला फटका व्हॉल्वला नाही, छातीच्या हाडाला बसतो. ऑपरेशनसाठी कापून मग तारांनी बांधलेलं हे हाड जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात आणि वाढलेल्या शुगरमध्ये तिथे जंतुसंसर्ग सहज होतो. आयसीयूत शुगर १८० च्या खाली ठेवायला इन्सुलिनची ड्रिप आणि तासातासाला तपासणी असते का, हे अ‍ॅडमिशनआधी स्पष्ट विचारा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात कीटोन (घातक आम्लं) वाढू शकतात. घरी आल्यावर लोकलच्या हँडलला लटकणं, पाण्याची बादली उचलणं बंद. खोकताना छातीत ‘कट’ वाजलं किंवा जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी दाखवा.

सगळ्यात जास्त घोळ तापात होतो. पावसाळ्यात ठाण्यात ताप आला की डेंग्यू-मलेरियाची टेस्ट होते, सोबत अँटिबायोटिक सुरू. व्हॉल्ववर जंतू बसले असतील तर त्या गोळीने ताप तात्पुरता उतरू शकतो, पण नंतर ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू शोधायच्या तपासणीत) जंतू बऱ्याचदा सापडत नाही. फॅमिली डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: व्हॉल्व बदललाय, आधी कल्चर घ्या. जंतू आत शिरायच्या वाटांवरही लक्ष ठेवा: साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर पायाची बोटं रोज बघा, आणि दात काढायचा असेल तर अँटिबायोटिकचा डोस अर्धा ते एक तास आधी घ्यायचा, हे डेंटिस्टकडे खुर्चीत बसण्यापूर्वीच ठरवून घ्या.