‘अगदी शांत साप’ म्हणून माझ्या गळ्यात काय मारलं

सापाला घाबरणाऱ्या माणसाला साप विकायचा असेल तर विकणाऱ्याला एकच शब्द पुरतो: शांत. मला त्याच शब्दावर गंडवलं. त्याच माणसाने आणखी काही जणांनाही असंच गंडवल्याचं कानावर आलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझी भीती थोडीथोडकी नव्हती. पडद्यावर साप दिसला तरी मी पाय वर घेऊन बसायचे. ती गेली ती मानसोपचारतज्ज्ञांच्या मदतीने, पायरीपायरीने. आधी चित्रं, मग व्हिडिओ, मग काचेपलीकडचा साप, आधी लांबून आणि मग जवळून. छातीत धडधडायला लागलं की पळायचं नाही, धडधड आपोआप ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, हा त्यातला मुख्य नियम. भीती टोकाला असताना पळ काढला तर ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच मनात पक्कं बसतं. शेवटी एका जाणकार माणसाच्या हातातल्या कॉर्न स्नेकला, म्हणजे एका बिनविषारी पाळीव सापाला, बोट लावलं. बुळबुळीत असेल अशी खात्री होती, निघाला कोरडा आणि गुळगुळीत. तिथून हळूहळू आपल्याकडेही एक असावा असं वाटायला लागलं.

जाहिरात नेमकी माझ्यासारख्यांसाठीच होती. ‘भीती असणाऱ्यांसाठी खास. पाळीव जोडीपासून जन्मलेला बॉल पायथन. कधीच चावत नाही.’ आता जात म्हणाल तर निवड चांगलीच आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा बिनविषारी अजगर फार मोठा होत नाही, स्वभावाने बुजरा असतो आणि नीट सांभाळला तर 20 ते 30 वर्षं जगतो. पण ‘कधीच चावत नाही’ असं कोणत्याही सापाबद्दल कुणी सांगायला लागलं की तिथूनच काढता पाय घ्यावा.

त्याने साप माझ्या हातावर ठेवला. साप हललाच नाही. जीभसुद्धा बाहेर काढली नाही. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! तब्येतीने ठणठणीत साप हातावर आला की बोटांना हलकी पकड घेतो, जीभ आतबाहेर करत वास घेतो, अंदाज घेत पुढे सरकतो. हा नुसता दोरीसारखा लोंबत होता, अंग गार, आणि ज्या पेटीतून काढला तिथे उबेची काही सोयच नव्हती. साप शरीराची ऊब बाहेरून घेतो. ती मिळाली नाही की हालचाल मंदावते, पचन अडतं, रोगाशी झगडण्याची ताकद कमी होते. थोडक्यात, गारठवून ठेवला तर कोणताही साप शांतच दिसणार. हीच ती युक्ती.

घरी उबेच्या बाजूला 32 अंश सेल्सिअस, थंड बाजूला 26, दोन्हीकडे लपायला जागा, अशी पेटी तयार होती. ऊब मिळताच साप जागा झाला. हात आत गेला की फुत्कार, मग थेट झडप. विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, ‘मॅडम, तुम्ही घाबरता ना, ते त्याला कळतं.’ या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. इतक्या कष्टाने घालवलेली भीती त्याने तक्रार दाबायला वापरली.

पुढची उत्तरं तर फारच हुशारीची होती, कारण प्रत्येकात थोडं खरं होतं. साप खात नाही म्हटलं, तर ‘बॉल पायथन महिनोन्महिने खात नाहीत.’ खरं आहे, पण ते धष्टपुष्ट मोठ्या सापाबद्दल, आणि अशा उपासात वजन फारसं घटत नाही. माझ्या सापाचा कणा वरून उठून दिसत होता. दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहतो म्हटलं, तर ‘डुंबायला आवडतं त्याला.’ भांड्याच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके होते. ओल्या पांढऱ्या कागदाने सापाचं अंग पुसलं, तेच ठिपके कागदावर आले आणि चालायला लागले. त्यातला एक चिरडला तर लाल डाग. माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. ते बुडावेत म्हणून बिचारा पाण्यात बसत होता.

पशुवैद्यांना हनुवटीच्या खवल्याखाली गोचीड सापडली, नाकपुडीशी फेसाचे बुडबुडे दिसले, श्वसनाचा संसर्ग निघाला. घरात जन्मून घरातच वाढलेल्या सापावर गोचीड सहसा नसते, हा साप जंगलातून पकडलेला असावा असं त्यांचं मत पडलं. घाना, टोगो, बेनिन या देशांतून बॉल पायथन मोठ्या प्रमाणावर बाहेर जातात. ही जात सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे, म्हणजे देशाबाहेर न्यायची तर परवाना लागतो. माझ्या सापाबरोबर कसलाही कागद आला नव्हता. ‘कागद मागाहून पाठवतो’ म्हणाला होता, ते मागाहून काही उजाडलं नाही.

एक कार्ड मात्र दिलं होतं, खाण्याच्या नोंदींचं. ते पुन्हा नीट पाहिलं. सगळ्या तारखा एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या. दर आठवड्याला उंदीर खाल्ला, दर वेळी वजन बरोबर वीस ग्रॅमने वाढलं, आणि कात टाकल्याची एकही नोंद नाही. वाढता साप वरचेवर कात टाकतो, डोळे दुधाळ झाले की पुष्कळदा खाणंही सोडतो. खऱ्या नोंदींत असे खाडे दिसायलाच हवेत.

सोबत विकलेला विजेवर तापणारा दगड पशुवैद्यांनी आधी फेकायला लावला. त्यावर पडून राहिलेल्या सापाचं पोट भाजतं. उबेच्या साधनाला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप आवरणारं उपकरण, हवाच.

साप घ्यायचा असेल तर आधी आपल्याकडचा कायदा बघा, मग विक्रेता. साप खाताना समोर दाखवायला सांगा, जमत नसेल तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणा. वजन स्वतःच्या काट्यावर करा. पांढरा ओला कागद अंगावरून फिरवा. पेटीचं तापमान स्वतः मोजा. आणि कुणी डोकं डुगडुगणारा ‘नाचरा’ साप दाखवला तर घेऊ नका. बॉल पायथनच्या स्पायडर नावाच्या रंगप्रकारात मज्जासंस्थेचा जन्मजात दोष असतो, ते डुगडुगणं त्याचं आहे.

माझा साप उपचारांनंतर खायला लागलाय. पैसे परत मिळाले नाहीत, माझा नंबर त्याने ब्लॉक केलाय. परवा तीच जाहिरात नव्या नावाने पुन्हा दिसली. सापाचा फोटो वेगळा आहे, पण सोबतचं कार्ड तेच, तारखा तेवढ्या पुढच्या घातल्यात. वजन याही वेळी दर आठवड्याला वीस ग्रॅमनेच वाढतंय.