दिल्लीत मुलांना घेऊन फिरताना: ‘आज तो बंद है’ ऐकलं की थांबा

दिल्लीत पर्यटकांना गंडा घालायचे प्रकार बरेच आहेत, पण मुलं बरोबर असलेल्या कुटुंबाला फसवायला बहुतेक वेळा एकच वाक्य पुरतं: ‘आज तो बंद है, साहब.’ एकटा माणूस खांदे उडवून पुढे जातो, गेटपर्यंत चालत जाऊन खरं-खोटं बघतो. कडेवर एक, हाताला एक आणि पाठीवर सॅक असलेल्या आई-बाबांना ते अर्धा किलोमीटरही जड जातं. समोरचा नेमकं हेच हेरतो. म्हणूनच त्याचं पुढचं वाक्यही तयार असतं, ‘बच्चे थक गये हैं, बैठ जाइए, दूसरी जगह दिखा देता हूँ.’

हे खपतं, कारण ते अर्धं खरं असतं. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल संग्रहालय, बाहुल्यांचं संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेम्पल ही सगळी सोमवारी खरोखर बंद असतात. मथुरा रोडवरचं प्राणिसंग्रहालय शुक्रवारी बंद असतं. कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि जंतरमंतर मात्र रोज उघडी असतात. शिवाय १५ ऑगस्टच्या तयारीसाठी लाल किल्ला काही दिवस आधीपासून पर्यटकांना बंद ठेवतात, आणि २६ जानेवारीच्या सुमारास कर्तव्य पथ, इंडिया गेट भागात जागोजागी रस्ते अडवलेले असतात. आपल्याला हे वार पाठ नसतात, रिक्षावाल्याला असतात. मग मंगळवारी सकाळी लाल किल्ल्याच्या रस्त्यावर तो ‘अंदर फंक्शन है, दो बजे खुलेगा’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

यावरचा उपाय घरीच करायचा आहे. तिकिटं काढण्याआधी वारांप्रमाणे कागदावर आखणी करा. दिल्लीत सोमवार येत असेल तर तो कुतुबमिनार आणि हुमायूनच्या कबरीसाठी ठेवा. शुक्रवारी लाल किल्ला किंवा रेल संग्रहालय घ्या. आग्र्याची फेरी जोडणार असाल तर ती कधीही शुक्रवारी नको, ताजमहाल त्या दिवशी बंद असतो. निजामुद्दीनहून सुटणारी गतिमान एक्सप्रेससुद्धा शुक्रवारी धावत नाही. ‘शुक्रवारी दिल्ली-आग्रा स्पेशल’ विकणारा एजंट तुम्हाला ताज यमुनेपलीकडून दाखवणार, हे तेव्हाच ओळखा.

आता नवी दिल्ली स्टेशन. पहाडगंजच्या बाजूला गळ्यात कार्ड अडकवलेला एखादा माणूस वाटेत उभा असतो. तो आधी तिकीट मागतो, मग हॉटेलचं नाव विचारतो. हॉटेलचं नाव सांगितलंत की तो स्वतःच्या मोबाइलवरून ‘हॉटेलला’ फोन लावतो आणि फोन तुमच्या हातात देतो. पलीकडून कोणीतरी अगदी नम्रपणे सांगतं की बुकिंग रद्द झालंय, किंवा त्या गल्लीत बंदोबस्त आहे. तो फोन हॉटेलला लागलेलाच नसतो. पुढची पायरी म्हणजे कॅनॉट प्लेसच्या आसपासचं ‘सरकारी टूरिस्ट ऑफिस’: भिंतीवर भारताचा नकाशा, एसी, मुलांना बिस्किटं, आणि अर्ध्या तासात चार दिवसांची टॅक्सी, हॉटेल आणि आग्रा असं पॅकेज. मुलं एसीत झोपून जातात आणि उठून जाणं आणखी अवघड होतं. केंद्र सरकारचं पर्यटन कार्यालय ८८, जनपथ या पत्त्यावर आहे. बाकी पाटीवर काहीही लिहिलेलं असो. हॉटेलला फोन करायचा तर स्वतःच्या मोबाइलवरून आणि बुकिंगच्या मेसेजमधल्या नंबरावरच करा. रेल्वेगाडीबद्दल शंका असेल तर रेल्वेच्या १३९ वर विचारा.

स्टेशनबाहेर दिल्ली वाहतूक पोलिसांचे प्रीपेड बूथ असतात, रिक्षा तिथूनच घ्या. पैसे बूथवर भरायचे आणि मिळालेली चिठ्ठी मुक्कामाला पोहोचेपर्यंत आपल्याच हातात ठेवायची. ती चिठ्ठी म्हणजेच रिक्षावाल्याचे पैसे. बसल्याबसल्या ‘पर्ची दे दो’ म्हणून ती घेतली की पहिल्या गर्दीच्या चौकात ‘आगे रास्ता बंद’ म्हणून उतरवायला तो मोकळा. रस्त्यात रिक्षा धरली तर मीटरने यायला तयार आहे का ते आधी विचारा. २०२३ मध्ये ठरलेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे दर किलोमीटरला ११ रुपये, रात्री ११ ते पहाटे ५ पर्यंत पंचवीस टक्के जादा. मीटर नकोच म्हणाला तर निदान या हिशोबाने घासाघीस करता येते. मुलांसोबत मेट्रो केव्हाही बरी: ९० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलाला तिकीट लागत नाही, आणि लाल किला नावाचं स्टेशन किल्ल्याच्या जवळच आहे.

कुटुंबांचे सगळ्यात जास्त पैसे मात्र ‘दिल्ली दर्शन’च्या बसमध्ये वाया जातात, आणि इथे खोटं कमी, लपवाछपवी जास्त असते. पत्रकावर बारा ठिकाणं छापलेली असतात. जरा हिशोब करा. बस नऊला निघून सहाला परत येते, म्हणजे नऊ तास. त्यातले तीन ते चार तास दिल्लीच्या रहदारीत जातात, एक तास जेवणाला, एक तास ‘एम्पोरियम’ला, म्हणजे ठरलेल्या हस्तकलेच्या दुकानाला. उरलेल्या तीन-चार तासांत बारा ठिकाणं कशी बसणार? मुलांसोबत एकट्या लाल किल्ल्यालाच दोन तास लागतात. लाहोरी गेटपासून छत्ता चौक ओलांडून दिवाण-ए-आमपर्यंत छोटी पावलं पोहोचेतोवर अर्धा तास होतो. त्यामुळे राष्ट्रपती भवन, संसद आणि इंडिया गेट खिडकीतून, लाल किल्ला रस्त्यावरून, आणि खरं उतरायला मिळतं ते दोन-तीन ठिकाणी. सोमवारी हीच बस त्याच दरात निघते आणि बंद ठिकाणांची नावं पैसे घेतल्यानंतर कळतात.

एम्पोरियमचा थांबा मुलांवरच बेतलेला असतो. सकाळपासून बस कुठेही स्वच्छतागृहापाशी थांबवत नाहीत आणि नेमकी तिथे थांबवतात. मूल बाथरूमला नेलं की परतीची वाट शाली, गालिचे आणि संगमरवरी हत्तींमधून. तिथल्या किमतीत आणणाऱ्याचं कमिशन धरलेलं असतं. बस ठरवताना म्हणूनच पावतीवर या चार गोष्टी लिहून घ्या: कोणत्या ठिकाणी आत नेणार आणि कोणती फक्त बाहेरून, प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं, प्रवेशतिकीट धरलंय की वेगळं, आणि मुलाचे पैसे घेतले असतील तर त्याचा सीट नंबर. शेवटचं विसरू नका. अर्धं भाडं घेऊन मुलाला मांडीवर बसवायला सांगणं हा रोजचा प्रकार आहे. लिहून द्यायला टाळाटाळ झाली की ती बस सोडून द्या.

तिकिटाची फसवणूक तर निव्वळ माहिती नसल्यामुळे होते. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्मारकं आहेत आणि तिथे १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. अर्धं तिकीट असा प्रकारच नाही. तरी गेटबाहेर ‘लाइन लंबी है, बच्चों का हाफ लगेगा’ म्हणत तिकिटं विकणारे भेटतात. कधी ते मोबाइलवर तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवतात, जो आधीच कोणीतरी वापरलेला असतो, आणि आत सोडताना स्कॅन केल्यावर तो चालत नाही. मोठ्यांचं तिकीट खिडकीवर किंवा ऑनलाइन स्वतः काढा आणि मुलांचे आधार कार्ड जवळ ठेवा, चौदा वर्षांचा उंच मुलगा असला की वयावरून वाद होतो. खिडकीजवळ भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केलात तर पैसे भरण्याआधी पडद्यावरचं नाव वाचा. एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा.

कुतुबमिनारला एक वेगळी थाप असते: ‘थोडा दे दो, ऊपर ले जाता हूँ.’ मिनार सुमारे ७२.५ मीटर उंच आहे, मुलांना वर जावंसं वाटणं साहजिक आहे. पण १९८१ साली आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन अनेक जण, त्यातही बरीच शाळकरी मुलं, दगावली आणि तेव्हापासून जिना सर्वांना बंद आहे. वर नेण्याचं कबूल करणारा पैसे घेऊन गर्दीत नाहीसा होतो. आवारातल्या लोहस्तंभाला पाठ लावून हात जुळवायची सोयही आता राहिलेली नाही, भोवती कुंपण आहे. गाइड हवाच असेल तर पर्यटन मंत्रालयाचं फोटो असलेलं परवानापत्र पाहून घ्या. आणि दर माणशी की सगळ्यांचा मिळून, हेही आधीच ठरवा.

इंडिया गेटच्या हिरवळीवर विक्रेता मोठ्यांना विचारतच नाही. तो साबणाचे फुगे उडवतो, मूल जवळ जातं, आणि नळी मुलाच्या हातात येते. मुलाने एकदा फुंकलं की ती ‘इस्तेमाल हो गई’. असं झालं तर वस्तू लगेच मुलाच्या हातून घेऊन विक्रेत्याच्या पायाशी ठेवा आणि चालू लागा, भाव विचारलात की सौदा सुरू झाला. फोटोग्राफरचं गणित असंच आहे. तो एका फोटोचा भाव सांगतो, पण क्लिक वीस करतो, हातातल्या प्रिंटरवर सगळे छापतो आणि मुलांनी हातात धरल्यावर सगळ्यांचे पैसे मागतो. ‘दोनच फोटो, मी निवडेन ते, त्यानंतर छापा’ हे सुरुवातीलाच सांगा, मग तोही नीट काम करतो.

चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या सव्वा किलोमीटरच्या पट्ट्यात दिवसा मोटारगाड्यांना बंदी आहे, म्हणून सायकलरिक्षा लागते. ‘बीस रुपया’ म्हणजे दर माणशी की सगळ्यांचे, जाण्याचे की येण्या-जाण्याचे, हे चढण्याआधी बोटांनी मोजून विचारा. अक्षरधामला मोबाइल, कॅमेरा, बॅग आत नेता येत नाही, पण त्यासाठी रस्त्यावरच्या कुणाकडे सामान सोपवायची गरज नाही. मंदिराच्या आवारातच सामानघर आहे आणि ते मोफत आहे. तिथे प्रवेशही मोफत आहे, तिकीट फक्त प्रदर्शनांचं आणि कारंजाच्या खेळाचं. दर्शनाचं तिकीट कोणी विकत असेल तर घेऊ नका.

इतकं करूनही फसवणूक झालीच तर मुलांसमोर रस्त्यात हमरीतुमरीवर येऊ नका, अशा वेळी आजूबाजूला त्याचेच साथीदार गोळा होतात. गाडीचा नंबर आणि दुकानाच्या पाटीचा फोटो घ्या, पावती जपून ठेवा, मुलांना गर्दीच्या, उजेडाच्या जागी न्या आणि मग फोन करा. रिक्षाचालकाची तक्रार वाहतूक पोलिसांच्या १०९५ वर, पर्यटकांसाठीची मदत १३६३ वर, धमकी किंवा अडवणूक झाली तर थेट ११२. पैसे यूपीआयने गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० वर लगेच कळवा. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी कळवलं तरच बँकेला ती रोखता येते, त्यामुळे हॉटेलवर जाऊन करू म्हणून थांबू नका. नंतर ‘पैसे परत करतो, पिन टाका’ असा फोन आला तर ती दुसरी फसवणूक असते. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही.