नरक्या : रानातून ओरबाडायचा की बागेत लावायचा?

फुलांना घाण वास येतो म्हणून नाव नरक्या. पण याच झाडातल्या कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं बनतात. १९६६ साली हे द्रव्य आधी एका चिनी झाडात सापडलं. पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही ते मिळालं आणि कोयते निघाले.

रानातून आणायला खर्च जवळपास शून्य. लावायचं नाही, राखायचं नाही, रात्रीत टेम्पो भरला की झालं. पण द्रव्य मुळांमध्ये जास्त, म्हणून झाड मुळासकट खणतात. आंबोलीच्या वाटेवर असा एक खड्डा पाहिला: तांबडी ओली माती, कडेला तुटकी मुळं, आसपास एकही रोप नाही. फळ धरायच्या आधीच झाड गेलं, तर बी पडणार कुठून?

लागवडीत थांबावं लागतं, आणि काजूसारखा हमखास गिऱ्हाईक दारात येत नाही. हे खरंच जड आहे. मात्र बुंधा राखून तोडलं तर नरक्याला पुन्हा धुमारे फुटतात. तेच झाड परत कापता येतं. शिवाय त्याला सावली चालते, म्हणजे परड्याची झाडाखालची कडही पुरते.

मी लागवडीच्याच बाजूने आहे. पहिली रोपं मात्र रानातून उपटू नका, बियांपासून करा.